कूलर आणि जुनी ढोलकी

रविवार, संध्याकाळ. प्रताप नगर

आज ढोलकी घराबाहेर गेली. जमवलेली वस्तू मी कोणाला देत नाही, म्हणून कारण लिहून ठेवते.

जुनी चर्मवाद्यं जमवायची म्हणजे नागपूरच्या उन्हाळ्याशी भांडण. कोरड्या झळांनी चामडं तडकतं, कूलरच्या ओल्या हवेने सैल पडून सूर उतरतो. म्हणून वाद्यांच्या खोलीत कूलर बंद. हे रोज कुरकुरतात, "माणूस उतरला तरी चालन, ढोलकी उतराले नको!"

दुपारी हुडकेश्वरच्या शांताबाई आल्या. ही ढोलकी त्यांच्या सासऱ्यांची. त्यांच्याच घरून मी विकत आणली होती. भजनी मंडळाची ढोलकी फुटली, उद्या भजन आहे, एवढंच सांगून बसल्या. मी म्हटलं, चामडं नाजूक आहे, मीसुद्धा फक्त टिचकी मारून पाहते.

"टिचकीनं का बोलन जी ती, बाई? मामंजीनं तिले रडवलं, हसवलं. तुम्ही नुसतं निजवून ठेवलं."

आणि मांडीवर घेऊन वाजवायलाच लागल्या. डाव्या बाजूचा तो घुमारा! इतकी वर्षं माझ्याच घरात होता? बाहेर हे टाळ्यांनी ठेका धरून बसलेले. मी रागावणार होते, राहूनच गेलं. तो घुमारा अजून कानात आहे. चामडं टिकेल ना? नाही टिकलं तर? कूलरसमोर ठेवू नका, एवढं मात्र दोनदा बजावलं.

दिली: ढोलकी एक, गवसणीसह. परत कधी, ते विचारलं नाही.