आप्पांची तिरकी रोपं

ती. आई,

नमस्कार. आधी तुला हवं ते सांगते: आप्पा तुझ्याकडून इथे माझ्याकडे आल्यापासून त्यांचं बीपी ठीक आहे. अर्धांगवायूने आखडलेल्या उजव्या हाताने आता स्वतः भाकरी मोडतात.

दर रविवारी मी त्यांना गंगापूर रोडजवळच्या सामूहिक शेतीवर नेते. शहरातले लोक तिथे हौसेने श्रमदान करतात. गेल्या रविवारी कांदा लावला. आप्पांची रोपं तिरकी लागली. ते चहाला गेले तेव्हा मी ती गुपचूप सरळ करून खोल दाबली. लोक त्यांना हसतील म्हणून, की मलाच ओशाळं वाटलं म्हणून, हे अजून ठरवता येत नाही.

परत येऊन त्यांनी वाफा पाहिला. "उज्वले, एवढं खोल पुरल्यावर कांदा पोसायचा कुठं? तिरकं रोप आपसूक उठतं."

मग हात झटकून ते थेट घराकडे निघाले. आता ते पुन्हा येणार नाहीत, ही धास्ती आठवडाभर होती.

आज सातलाच टोपी घालून दारात उभे. "चल. पण तू फक्त रोपं हातात द्यायची."

तेवढंच केलं. जड गेलं.

तुझे गुडघे कसे आहेत? खरं कळव.

आणि हो, गेल्या रविवारी माझ्या नजरेतून सुटलेली त्यांची चार रोपं आज सरळ उभी होती.

तुझी,
उज्वला