पाण्याच्या दिवसाचं धुणं

२ एप्रिल, मंगळ.
सूनबाईनं ही वही आणून दिली. "आई, रोज तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या. मन शांत राहतं, बीपी उतरतं." मोबाईलवर कुणी बाई सांगते म्हणे. बत्तीस वर्षं शाळेत पोरांच्या वह्या तपासल्या, आता स्वाती माझी तपासणार.
१. चहा वेळेवर मिळाला. २. वीज गेली नाही. ३. सुचत नाही.
सून आपणहून सासूला वही आणून देते, म्हणजे काहीतरी असणार.

३ एप्रिल
जुन्या पातळांचं गाठोडं सोडलं. दोन पातळं कमी. हिरव्या काठाचं पिवळं आणि निळ्या चौकड्यांचं. नेसून नेसून मऊ झालेली. कधी गेली, देव जाणे.
शोभाला विचारलं. बारा वर्षं आपल्याकडं भांडी घासते. "बाई, फाटकं नेऊन मी काय करू? मागितलं असतं तर तुम्ही नाय म्हणल्या असत्या का?" खरं आहे. पण चेहरा पडला तिचा. चेहरा उगाच पडत नाही.
चांगली गोष्ट: एकही नाही. उद्या लिहीन.

४ एप्रिल, गुरु. पाण्याचा दिवस.
आठव्या दिवशी नळ आला. सव्वा तास. हौद, ड्रम, बादल्या, पातेली, कुकरसुद्धा भरला. धरणात गाळ दिसायला लागलाय म्हणतात आणि इकडं बायपासपलीकडं रोज नवी इमारत. त्यांना पाणी कोण देणार, कुणी विचारत नाही.
मग धुणं. ह्यांनी जन्मात रुमाल भिजवला नाही, आज मशीनपाशी स्टूल टाकून बसले. "तू पड जरा. मी बघतो." वाळत घालायलाही हेच. "गच्चीवर ऊन लई आहे, तू येऊ नको." लग्नाला अडतीस वर्षं झाली, 'तू पड जरा' पहिल्यांदा ऐकलं.
१. नवरा कपडे धुतो. (चांगल्यात धरू की कसं?)

७ एप्रिल
स्वाती परत औरंगपुऱ्याच्या बाजारात गेली. आठवड्यात तिसऱ्यांदा. तीन तासांनी आली, हातात पिशवी नाही, काही नाही. "दुकान बंद होतं." तिन्ही वेळा? नितीनला म्हटलं, बायकोकडं लक्ष दे जरा. हसला. माझाच मुलगा, पण हसताना माझ्याकडं बघत नव्हता.
१. कैरीचं लोणचं छान मुरलंय.

९ एप्रिल, पाडवा
गुढी उभारली. ह्यांनी गाठी दोन आणल्या. एक गुढीची, दुसरी इवलीशी, सोबत साखरेचं कडं. घरात लेकरू नाही, कडं कुणाला? "दुकानदारानं दिलं." असला उदार दुकानदार मला तरी भेटला नाही. संध्याकाळी कडं गायब.
आत्ता डोक्यात प्रकाश पडला. स्वातीला दिवस गेलेत. म्हणून ती सारखी बाहेर, डॉक्टरकडं जात असणार. म्हणून सगळे असे चोरासारखे. मला का सांगत नाहीत? दृष्ट लावीन की काय मी?
तरी आनंद झाला, खोटं कशाला लिहू. तिच्या ताटात लोणच्याच्या दोन फोडी जास्त वाढल्या. "आई, ॲसिडिटी होते," म्हणाली.
१. स्वाती. २. स्वाती. ३. तेच.

१२ एप्रिल, शुक्र. पाण्याचा दिवस.
हे औषधं आणायला गेले तशी मी गच्चीवर गेले. पुढच्या दोरीवर चादरी. चादरींच्या मागच्या दोरीवर तीन झबली, नऊ लंगोट, दोन दुपटी. एक दुपटं पिवळं, हिरव्या काठाचं.
लंगोटांवर डाग. जन्माला न आलेल्या बाळाचे डाग नसतात.
स्वातीला बोलावलं. आधी रडली, मग बोलली. माधुरीला मुलगी झाली. अडीच महिने झाले.
माधुरी. माझी लेक. दोन वर्षांपूर्वी न सांगता कोर्टात लग्न करून आली, जातीबाहेर. तेव्हा दारात मी म्हणाले होते, आजपासून या घरचं पाणीसुद्धा पिऊ नकोस. ती बायपासपलीकडं राहते, नव्या इमारतीत. स्वाती तिकडंच जायची, औरंगपुऱ्यात नाही. नळ नाही, टँकर येतो, त्यात बाळाचे लंगोट कुठून धुणार? म्हणून हे स्कूटरवरून पिशवी आणतात आणि माझ्याच घरच्या पाण्यात...
"आणि पातळं?"
"ताई म्हणाल्या, दुपटं आईच्या पातळाचंच पाहिजे. विकतचं नको."
आज चांगलं काही लिहायचं नाही.

१३ एप्रिल
ह्यांच्याशी बोलले नाही. दुपारी हे आपणहून बोलले. "सांगितलं असतं तर तू नाय म्हणली असतीस."

राग येतोय. घरातल्या चौघांनी मिळून ठरवलं की ही बाई वाईटच वागेल. आणि शरम याची की चौघांचं चुकलं नव्हतं. चौघे म्हणजे शोभासुद्धा. बाळाला तेल लावून न्हाऊ तीच घालते, रोज सकाळी, इथं यायच्या आधी. चोरीचा आळ ऐकून घेतला, पण तोंड उघडलं नाही.
पहिलं बाळंतपण माहेरी असतं. माझ्या लेकीला परक्या बाईनं शेक दिला.

१६ एप्रिल
शोभाला म्हटलं, "चुकलं माझं." भांडी घासता घासता म्हणाली, "व्हय, चुकलंच." मग पातेलं पालथं घालून, "बाई, पोरगी लई गोड हाय. कपाळ सगळं तुमचं."
"नाव काय?"
"नाव नाय ठेवलं अजून. बारसं आजोळीच करायचं म्हणती. नायतर नायच."
अडीच महिने बिननावाचं ठेवलं लेकराला. हट्टी कार्टी. कुणावर गेलीय ते मला कुणी सांगायला नको.

१९ एप्रिल
ह्यांना म्हटलं, "उद्या पाण्याचा दिवस. पिशवी आणू नका. जिचं धुणं आहे तिला ये म्हणावं. बाळाला घेऊन, ऊन उतरल्यावर."  "खरंच?" "मग काय खोटं?" "बरं," म्हणाले.
त्यांचा विश्वास बसलेला नाही. निरोप देतील याची मला खात्री नाही. ऐन वेळी मी काहीतरी बोलून जाईन याची भीती आहे त्यांना. मलाही आहे.

२० एप्रिल, शनि.
नळ दहाला आला. सगळं भरून ठेवलं, मोठं पातेलं बाळाच्या अंघोळीला वेगळं. स्वाती दोनदा येऊन बघून गेली.
हे म्हणतात फोन केला. पाचला येते म्हणाली. मी काही फोन ऐकला नाही.
सव्वापाच. केलाच नसेल.
साडेपाच. केला असेल, तीच येत नसेल. मी तिच्या जागी असते तर आले नसते.
फाटक वाजलं. स्वाती धावली. हे उठले नाहीत, माझ्याकडं बघत बसलेत. पहिलं वाक्य काय बोलायचं ते सकाळपासून घोकलं होतं, आता एक शब्द आठवत नाही. नुसतं 'ये' तरी म्हणेन. वही मिटते.