निरोगी म्हणून दिलेला नमुना

१४ मार्च, सकाळ

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीला सांग, स्वेटर अगदी मापात बसला. चिमणीला सांग, आत्या परीक्षेचं विचारणार नाही. मी मजेत आहे.

आणि आम्ही जिंकलो!

होय, आम्हीच. तुझ्या भाषेत जी माणसं ‘लोकांच्या घाणीत डोकं घालून बसतात’ ती. गॅरेजातल्या दोस्तांसमोर तू मला ‘शी-शास्त्रज्ञ’ म्हणालास तेव्हा सगळे खो खो हसले होते, मीही हसले होते. आता त्या शी-शास्त्राचा पराक्रम ऐक. आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतूंची वस्ती असते. तिथे कर्करोगाची गाठ धरू लागली की ती वस्ती पालटते. काही जंतू माजतात, काही परागंदा होतात. शिवाय गाठीच्या पेशी झडून शौचातून बाहेर पडतात आणि त्यांतली जनुकं बिघडलेली असतात. हे दोन्ही एकत्र तपासलं तर पोटात दुखायच्या कितीतरी आधी गाठीचा माग लागतो. हे सिद्ध करण्यात माझे केस पिकले.

आमच्या बाटल्यांवर नाव नसतं, आकडा असतो. कोणाचा आकडा कोणता, हे फक्त बाहेरच्या एका डॉक्टरबाईंना ठाऊक. आजारी माणसं नमुने देतात बिचारी. तुलनेसाठी धडधाकट माणसांचेही लागतात, ती मात्र लाजून मरतात. म्हणून आमच्यात एक रिवाज पडला आहे. निरोगी नमुने कमी पडले की प्रयोगशाळेतल्यांनीच आपापले द्यायचे. कुणी कुणाला विचारत नाही. सकाळी फ्रीजमध्ये बाटल्या वाढलेल्या दिसतात आणि सगळे खिडकीबाहेर बघत चहा पितात.

शेवटच्या फेरीत आमच्या चाचणीने या निरोगी नमुन्यांतल्याच एकावर बोट ठेवलं. पुन्हा तपासला, पुन्हा तेच. मोठे सर कपाळाला हात लावून बसले. आकडेमोड सांभाळणारा आमचा गणिती म्हणाला, “एकच तर आहे. बाटली उन्हात राहिली असेल म्हणू आणि वगळून टाकू. निकाल कसा झकास दिसेल!”

“आणि तो माणूस?” मी विचारलं.

“अहो ताई, तो ठणठणीत आहे. तसं लिहूनच दिलंय त्याने.”

मी उभी राहिले. मी उभी राहिले की लोक घड्याळाकडे बघतात, हे तुला माहीतच आहे. मी म्हणाले, “आपण आकडे सजवायला बसलोय की माणसं वाचवायला? बाटली खरं बोलत असेल आणि माणूसच चुकला असेल तर? त्याला वगळून आपण टाळ्या घेणार आणि तो तिकडे मरणार! माणूस शोधा. आज. आत्ता!” टेबलावर मूठ अशी आपटली की सरांचा चहा त्यांच्याच विजारीवर सांडला.

“बाई, बसा,” सर म्हणाले. “फोन लावतो. पण बसा.”

डॉक्टरबाईंनी त्या आकड्याचं पाकीट उघडलं आणि आतलं नाव दोनदा पडताळून पाहिलं. दुसऱ्याच दिवशी त्या माणसाची दुर्बिणीने तपासणी झाली. मोठ्या आतड्याच्या वळणावर गाठ होती, करंगळीच्या पेराएवढी. कर्करोगच, पण नुकता अंकुरलेला. दुर्बिणीतूनच काढला, कडा स्वच्छ निघाल्या. पोट फाडावं लागलं नाही. आता फक्त दरवर्षी तपासायचं. त्या माणसाला कधी कळ आली नव्हती की रक्त दिसलं नव्हतं. जिने दोन-दोन पायऱ्या घेत चढत होता!

संध्याकाळी गणिती खाटेपाशी आला आणि ढसाढसा रडायला लागला. “ताई, मी तुम्हालाच वगळायला निघालो होतो हो.”

मी म्हटलं, “अरे वेड्या, आधी नाक पूस. आणि निकालात मला नीट मोज.”

तर असं आहे, दादा. मी मजेत आहे हे खरं आहे. भूकही लागते, भाषणंही चालू आहेत. दवाखान्यातल्या नर्सबाई तर कंटाळल्याच होत्या.

घरी आल्यावर माझं रक्त तपासायला पाठवलं, त्याचा निकाल काल आला. एका जनुकात बिघाड आहे, तो जन्मापासूनचा. म्हणजे आईकडून आलेला किंवा बाबांकडून. बाबा ऐंशी पार करून झोपेत गेले. आई मात्र चाळिशीतच गेली. मी तेव्हा होस्टेलवर होते. “पोटात गळू झालं होतं,” तू म्हणालास. नमुना देताना मला विचारलं, घरात कुणाला कर्करोग? मी बिनदिक्कत म्हणाले, नाही.

गळू नव्हतं ना रे?

दवाखान्यात तिच्या उशाशी तूच होतास. माझं वर्ष बुडू नये म्हणून ते सगळं तू एकट्याने गिळलंस, आणि इतकी वर्षं त्या एका शब्दाला वळसा घालत आलास. मला राग नाही. पण आता पुरे. कर्करोग. घे, मी लिहिला. आभाळ कोसळलं नाही.

वहिनीने फोनवर सांगितलं, तू पट्ट्याला नवं भोक पाडलंस आणि म्हणालास, “कामाने वाळलो.” दादा, माझ्यातला बिघाड तुझ्यात असण्याची शक्यता निम्मी आहे. असेल तर आपण तो वेळेत गाठू. पुढे चिमणी मोठी झाली की तिलाही सावध करू. नसेल तर मला जन्मभर हवं ते चिडव. “मला नको ती बातमी,” असं तू म्हणणार. आईच्या वेळी बातमी तेवढी होती, इलाज नव्हता. आज इलाज आहे, आणि तो करून घेतलेली बाई तुला हे लिहिते आहे! मी भीतीच्या बाजूने आजवर एकही भाषण केलेलं नाही. तुझ्यासाठीही करणार नाही.

सोमवारी तुझी दुर्बिणीची तपासणी ठरवली आहे. रविवारी मी स्वतः तुला न्यायला येते. गॅरेजातल्या दोस्तांना खुशाल सांग की शी-शास्त्रज्ञ आली आणि उचलून घेऊन गेली.

तू जिला खोटं सांगून सांभाळलंस आणि जी आता तुला खरं सांगून सांभाळणार आहे,
ती तुझी धाकटी