नको म्हणायला थांबणं

आबा,

त्या सोमवारी सकाळी मी मिशीला काळं लावलं. आरशासमोर उभा राहून ब्रश फिरवत होतो, तेवढ्यात बायको मागून म्हणाली, "कुणाच्या लग्नाला चाललाय?" मी म्हणालो, "आज मालकाचे पाव्हणे येणार हायेत." पाव्हणे वगैरे कुणी येणार नव्हते. पन्नाशीला आलेला माणूस, घरात तुमच्या हातचं जीर्ण बायबल, आणि सकाळी सकाळी खोटं बोलून मोटारसायकलला किक मारतोय. वाटेत माझा मलाच राग आला, आणि का कुणास ठाऊक, तुमचाही आला. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

सणसरजवळ डाळिंबाचं पॅकहाऊस आहे, तिथं मी देखरेखीला असतो. लांब टेबलाशी बायका फळं निवडतात. उललेलं फळ पेटीत चालत नाही, ते त्या आपसांत वाटून खातात. त्यांच्यात एक बाई आहे, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, हसरी. ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या सुरुवातीला तिनं डबीच्या झाकणात दाणे काढून माझ्यापुढं धरले. मी म्हणालो, "नको, आमचा उपास चालूय. मी गोड सोडलंय." दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा धरले, मी पुन्हा नको म्हणालो. मग ते रोजचंच झालं. बाकीच्या बायका टेबलावरून ओरडायच्या, "आवं खावा की, देव काय पेट्या मोजायला येतोय का हितं?" सगळ्या हसायच्या, ती सगळ्यांत शेवटी. मी मान हलवून पुढं जायचो आणि मनात म्हणायचो, आजचा दिवस जिंकला.

हे मला तुम्हीच शिकवलंत, आबा. उपासकाळात तुम्ही चहा सोडायचा, पण रोज तिसऱ्या प्रहरी स्वतः चुलीपुढं बसून तो करायचा. कप समोर ठेवायचा, त्यावर साय धरेपर्यंत बघत राहायचं, मग उठून लिंबाच्या बुडात ओतायचा. आई भांडायची, "साखर काय फुकट येती व्हय?" तुम्ही शांतपणे म्हणायचा, "लांबनं कुणीबी नको म्हनंल. समोर ठिवून म्हनाय पायजे." मी गूळ सोडला त्या वर्षी तुम्ही मला सायकलवर पुढं बसवून कोऱ्हाळ्याच्या गुऱ्हाळावर नेलंत. कढईत रस उकळतोय, गोड वास सुटलाय. मी तोंड फिरवलं तर तुम्ही हनुवटीला धरून पुन्हा कढईकडं वळवलंत. "पळू नगंस. बघ, अन् नको म्हन." मी रडत रडत नको म्हणालो. तुम्ही पाठीवर हात ठेवलात. तुमचं तेवढं कौतुक मला आयुष्यभर पुरलं.

पण आबा, गूळ काही उलटून आपल्याकडं बघत नाही. आपण एक दिवस उशिरा गेलो तर चहा विचारत नाही, "आज का हो उशीर?" हे तुम्ही सांगितलं नाहीत. वाळवंटात प्रभू येशूला भूक लागली होती, भूक म्हणजे पाप नव्हे, हे तुम्ही प्रत्येक प्रार्थनासभेत सांगायचा. मान्य. पण भुकेला बोटाला धरून रोज त्याच दारात नेऊन उभं करणं, त्याला काय म्हणायचं?

त्या सोमवारी, नव्यानं काळ्या केलेल्या मिशीखालून मी नेहमीसारखं नको म्हणालो. तिनं झाकण मागं घेतलं नाही. हळूच म्हणाली, "तुमचा सण तर झाला न्हवं? मग आता कसला उपास?"

ईस्टर होऊन तीन आठवडे झाले होते. घरात गोडाचं सगळं खाऊन झालं होतं. सोडलेलं असं काहीच उरलं नव्हतं, तरी मी रोज त्या टेबलाशी नको म्हणायला थांबत होतो. तिची काही चूक नाही. माझं नको हेच माझं तिथं थांबायचं निमित्त झालं होतं.

घरी येऊन मी आईवर खेकसलो. भाजी अळणी आहे म्हणून. आई आता फार बोलत नाही, पण त्या दिवशी तिनं ताट बाजूला सारलं आणि माझ्याकडं नीट बघितलं. मी तोडून म्हणालो, "आबा कसे ऱ्हात व्हते गं? त्यांना कशाचंच काय वाटत नसंल." तर ती हसली. म्हणाली, "तुझा बाप पळसदेवची प्रार्थना घ्यायचा, ठावं हाय का? ती सोडली त्यांनी. दुसऱ्याला दिली. गुडघा दुखतोय म्हनले. त्यो गुडघा फकस्त पळसदेवच्या रस्त्याला दुखायचा, इंदापूरला जाताना न्हाय."

"का पर?"

"तितं एक बाई गानी म्हनायची. गळा ग्वाड व्हता. मी इचारलं न्हाय, त्यांनी सांगितलं न्हाय. सायकल वळली येवढं मला दिसलं."

मग तुम्ही हे मला का सांगितलं नाहीत? गुळापुढं मला उभं केलंत आणि स्वतः मात्र रस्ता बदललात. वळलात हे बरोबरच केलंत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मला वाटत राहिलं की खरा विश्वासी माणूस जागचा हलत नाही. पळणंही प्रार्थनाच असते, एवढं एक वाक्य तुमच्याकडं होतं आणि ते तुम्ही गुडघ्याच्या दुखण्याखाली झाकून ठेवलंत. किती दिवस मी स्वतःला शूर समजत होतो! याचा राग कुणावर काढू? तुम्ही तर कबरस्तानात निवांत.

दुसऱ्या दिवशी मालकाला म्हणालो, मला इंदापूरकडच्या बागेवर पाठवा. मालक म्हणाला, "येडा झालास का? हितं पंख्याखाली हायेस, तितं उनात छाटणी." मी दुखणंबिखणं काही सांगितलं नाही. "मला हितं थांबायचं न्हाय," एवढंच म्हणालो. बायकोला मात्र सगळं सांगितलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "कळत व्हतं मला," आणि मग बराच वेळ हात जरा जोरानं पडत राहिले.

आज बागेवरचा पहिला दिवस झाला. हाताला काटे लागलेत. जेवणाच्या सुट्टीत झाडाखाली एकटाच बसून प्रार्थना केली. उद्याही इथंच येण्याचं बळ दे, एवढं मागितलं. ती ओढ काढून घे, असं मात्र मागवेना. ती गेली तर काय उरेल, याची भीती वाटली, आबा.