ओल्या अंगणात न बसलेला धक्का

॥ श्री जिनेंद्राय नमः ॥

स्वस्ति श्री. करवीरनगरनिवासी, शुक्रवारपेठभूषण, तार-बटण-पंखा-विक्रेता-शिरोमणी, तृणमणिसंग्राहक, लायडेनकुंभप्रतिष्ठापक, द्विचक्रस्फुल्लिंगयंत्राधिपती, गल्लीतील समस्त उडालेल्या फ्यूजांचे तारणहार, तसेच लक्ष्मीपुरीतील ‘विद्युल्लता इलेक्ट्रिकल्स’ या पेढीचे संस्थापक, संचालक, हिशेबनीस व सकाळच्या प्रहरी झाडूवाले, श्रीयुत श्रेणिक नेमगोंडा मगदूम, वय वर्षे पंचावन्न, हे आपल्या राहत्या घरी पूर्ण शुद्धीवर बसून समस्त आप्त, इष्ट व अनिष्ट यांस या मृत्युपत्राद्वारे कळवितात ते येणेप्रमाणे.

माझी बुद्धी शाबूत आहे. (माझी धर्मपत्नी सौ. राजमती हिचे याबाबत वेगळे मत असून ते नोंदवावे असा तिचा आग्रह होता. नोंदवले.) मजवर कोणाचा दाब नाही. नशापाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आमच्या घरात कांदासुद्धा चोरपावलांनी येतो. जे लिहितो ते राजीखुशीने लिहितो, आणि सुवाच्य अक्षरात, कारण माझ्या वडिलांचे मृत्युपत्र अद्याप कोणास वाचता आलेले नाही.

हे लिहिण्याचे निमित्त असे. माझे हृदय अलीकडे सरकारी कचेरीच्या गतीने चालू लागले आहे. सबब येत्या सोमवारी माझ्या डाव्या खांद्याखाली पेसमेकर नामक विद्युद्यंत्र बसविण्यात येणार आहे. डॉक्टर म्हणाले, धोका नगण्य आहे. परंतु मी व्यापारी मनुष्य. नगण्य तुटीने बुडालेल्या पेढ्या मी पाहिल्या आहेत. शस्त्रक्रियेचे मला विशेष भय नाही. भय वेगळेच आहे. डॉक्टरांनी बजावले की आत्तापासून, आणि यंत्र बसल्यावर तर आजन्म, लायडेन बरणीचा, म्हणजे वीज साठवणाऱ्या बरणीचा, धक्का मला वर्ज्य. म्हणजेच ‘श्रेणिकने भिऊन हात सोडला’ हा जो आळ मजवर अकरा वर्षे आहे, तो स्वहस्ते धुऊन काढण्याचा मार्ग कायमचा बंद. त्या आळाचा निकाल या पत्रात लागल्याशिवाय मी सोमवारी भुलीचे इंजेक्शन घेणार नाही, असे मी राजमतीला सांगितले आहे. ती म्हणाली, “आधी हे लिवणं उरका, मग जेवायला या.”

कलम पहिले. शुक्रवार पेठेतील स्वकष्टार्जित घर राजमतीला, व तिच्या पश्चात कन्या चि. प्राची हिला. चतुःसीमा: उत्तरेस रस्ता, दक्षिणेस बोळ, पश्चिमेस भिंत, पूर्वेस शेजारीण श्रीमती अंबूबाई. गच्चीवरील टोकदार तांब्याची सळई ही अँटेना नसून तडितरक्षक होय. अमेरिकेतील फ्रँकलिन महोदयांनी अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी ती कल्पना मांडली, तेव्हा विजेला देवाचा कोप मानणारे काही सज्जन त्यांच्यावर रागावले होते. आमच्या घरी राग वेगळ्या कारणाने आला. सळईला बांधलेली वाळवणाची दोरी मी सोडली. ती पुन्हा बांधू नये.

कलम दुसरे. बँकेतील ठेवी पत्नी व कन्या यांस समसमान. याविषयी विनोद करण्याजोगे त्यात काही नाही.

कलम तिसरे. तृणमण्यांची (इंग्रजीत अँबर) माळ राजमतीला. हा मणी रेशमावर घासला की गवताच्या काड्या ओढून घेतो, म्हणून आपल्या पूर्वजांनी त्यास तृणमणी म्हटले. ग्रीकांनीही तोच चमत्कार पाहिला, आणि त्यांच्या भाषेतील त्या मण्याच्या नावावरून साऱ्या जगाने विजेचे नाव ठेवले. विवाहानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी ही माळ राजमतीच्या पैठणीवर घासून कागदाचे कपटे उचलून दाखवले होते. पैठणीचे जे झाले त्याची भरपाई म्हणून ही माळ.

कलम चौथे. व्होल्टाचा मनोरा चि. प्राचीला. तांबे, जस्त आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले फडके, असे थरावर थर. जगातील पहिली बॅटरी ती हीच. तत्पूर्वी गॅल्व्हानी नामक इटालियन वैद्यांनी मेलेल्या बेडकाचे पाय धातूच्या स्पर्शाने हलताना पाहिले व बेडकातच वीज असते असे ठरवले. आम्ही जैन; बेडकाच्या वाटेला जात नाही. प्राची सातवीत असताना तो प्रयोग मी दोडक्यावर केला. दोडका हलला नाही. पुढे शाळेने ‘बटाट्यापासून वीज’ हा प्रकल्प दिला, तेव्हा माझ्या मातोश्रींनी उंबऱ्यात उभ्या राहून निर्णय दिला, “कंदमूळ घरात येणार न्हाय. इज्ञानासाठी बी न्हाय.” लिंबांवर भागवले. आज प्राची पुण्यात विजेच्या गाड्यांच्या कारखान्यात बॅटऱ्या तपासते. श्रेय लिंबांचे.

कलम पाचवे. विमशर्स्ट यंत्र व लायडेन बरणी, आणि तत्संबंधी आळ.

यंत्र म्हणजे काचेच्या दोन तबकड्या, एकमेकींविरुद्ध फिरणाऱ्या. दांडा फिरवला की पुढच्या पितळी गोळ्यांमध्ये निळी ठिणगी कडाडते. एका बंद पडलेल्या शाळेच्या भंगारातून मी त्याचा उद्धार केला. बरणी म्हणजे ती ठिणगी साठवण्याचे पात्र. हॉलंडातील लायडेन नगरीच्या ज्या प्राध्यापकाने तिचा पहिला मोठा धक्का खाल्ला, त्याने लिहून ठेवले की फ्रान्सचे राज्य दिले तरी दुसरा घेणार नाही. आमची बरणी मुळात राजमतीच्या माहेरची, लोणच्याची. तिला आतून-बाहेरून वर्ख चिकटवल्यामुळे ती विज्ञानास मिळाली व लोणच्यास मुकली. याविषयी घरात आजही बोलणे होते.

या बरणीची खरी गंमत कड्यात. माणसांनी हातात हात धरून कडे करायचे. पहिल्याने बरणी धरायची, शेवटच्याने तिच्या माथ्यावरील गोळ्याला बोट लावायचे. वीज साऱ्यांच्या अंगातून जाते आणि सारे एकसमयावच्छेदेकरून उडतात. फ्रान्समध्ये राजासमोर शिपाई असे उडवले, मग मठातले संन्यासी उडवले. आम्ही दर खंडेनवमीला, हत्यारे-अवजारे पुजायच्या दिवशी, यंत्राला हळदकुंकू वाहून गल्ली उडवतो.

अकरा वर्षांपूर्वी कडे घरात मावेना, म्हणून प्रथमच अंगणात घेतले. अंबूबाईंनी कौतुकाने सडा घातला, आणि सडा घालताना त्यांचा हात सैल सुटतो. बरणी धरली होती माझ्या थोरल्या अक्काच्या यजमानांनी, इचलकरंजीचे यंत्रमागवाले श्री. अरिहंत चौगुले, अर्थात दाजी यांनी. मी कड्याच्या बरोबर मध्ये. गोळ्याला बोट लागले. दोन्ही टोकांची माणसे किंचाळून उडाली. मधले आम्ही मात्र देवळातल्या समईसारखे उभे.

दाजी ओरडले, “मधी कट मारला गा ह्यानं! श्रेणिकनं हात सोडला! भिलं बेणं!”

माझा डावा हात गल्लीतील सुतार पिराजी यांच्या हातात होता. ते म्हणाले, “धरलाता की घट्ट.” उजवा हात राजमतीच्या हातात होता. तिला विचारले, तर म्हणाली, “मी माझ्या बरणीकडं बघत हुते.” झाले. त्या सायंकाळपासून मी फ्यूजमामा. दुकानात गिऱ्हाईक येते, “फ्यूजमामा, एक नऊ वॅटचा द्या की.” अक्काच्या घरच्या प्रत्येक लग्नात दाजी फोटोच्या वेळी म्हणतात, “श्रेणिकला कडंला उभा करा, मधी नको.”

यंदा चातुर्मासात वाचता वाचता मला माझा पूर्वज सापडला. पॅरिसमध्ये एका प्रयोगकर्त्याने साठ जणांचे कडे केले, आणि धक्का एका तरुणापाशी येऊन थांबला. शहरभर कुजबुज झाली की त्याच्या पौरुषातच काही उणे असावे. मग राजदरबारातील असे तीन गायक आणले की ज्यांच्या बाबतीत त्या विषयाला बालपणीच शस्त्राने पूर्णविराम दिलेला होता. ते तिघेही व्यवस्थित उडाले! अखेर उलगडा झाला की दोष तरुणाचा नव्हता. पायाखालची ओली जमीन मधल्यामध्ये वीज पिऊन टाकत होती.

मी पुस्तक मिटले आणि घरात एकटाच नाचलो. (डॉक्टरांस हे कळवू नये.) कोरड्या जमिनीवर मी हात सोडला असता तर कडे तुटून कोणीच उडाले नसते. टोके उडाली आणि मध्य कोरडा राहिला, याचा अर्थ सडा! दाजींना फोन केला. ते म्हणाले, “पुस्तकात काय बी लिवत्यात.”

तेव्हा गेल्या बुधवारी, खंडेनवमीस, सर्वांसमक्ष परीक्षा झाली. मला राजमतीने खुर्चीत बसवले आणि शेजारी पंखा लावला, जणू मी लग्नातला रुसलेला व्याही. सूत्रे प्राचीने घेतली. “मामा, या खेपेला मधी तुम्ही,” ती दाजींना म्हणाली. (आत्याच्या यजमानांना आमच्याकडे मामाच म्हणतात.)

अंबूबाईंना पूर्ववत सडा घालण्याची विनंती करताच त्या कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, “माझ्याच सड्यावर आळ, आन परत माझ्याच सड्यावर भरवसा! घालू का नको, एकदा काय ते ठरवा.” मग बादलीभर घातला.

दाजी मध्ये, त्यांचा हात धरून अक्का. बरणी प्राचीकडे, गोळ्याला बोट पिराजींचे. दांडा फिरवायला राजमती स्वतः पुढे आली. लोणच्याची इतक्या वर्षांची ऊर्जा त्या तबकड्यांत उतरली. कडाड! प्राची उडाली. पिराजी “आयव!” करून उडाले. मध्य निश्चल. उडालेल्यांचे पाय पुन्हा जमिनीला लागले, आणि मग दाजी एकटेच, सावकाश विचार करून, हातभर उंच उडाले.

“बसला! बसला की! काय जबरा बसला!”

अक्का त्यांच्याकडे बघून म्हणाली, “कुठं बसला? मी तुमचा हात धरलाय न्हवं? मला मुंगीबी चावली न्हाय.”

अंबूबाई म्हणाल्या, “पावणं, तुमची वीज मागनं एस्टीनं आली व्हय?”

अंगण हसून आडवे झाले. मी खुर्चीत इतका हसलो की राजमतीने नाडी धरली आणि मोजता मोजता स्वतःच हसू लागली.

मग दुसरी खेप. घरोघरचे लाकडी पाट आणले, पुसून कोरडे केले, आणि प्रत्येकाला पाटावर उभे केले. दाजी मध्येच राहिले. बरणी अक्काकडे दिली, आणि पिराजी व राजमती यांच्यामध्ये माझ्याऐवजी प्राची उभी राहिली. या खेपेस टोके उडाली, मध्य उडाला, दाजींचा चष्मा उडाला, सारे एकाच क्षणी, एकाच सुरात. कड्यात मी नव्हतो, तरी कडे पूर्ण झाले. हे दृश्य मी आजवर कधी बाहेरून पाहिले नव्हते. फार छान दिसते.

दाजींचे अधिकृत निवेदन: “पाटावर जास्त बसला. तिकडं जरा कमी बसला, एवढंच.”

सबब, उपरोक्त पुराव्यानुसार मी निर्दोष आहे असे मी जाहीर करतो. ‘फ्यूजमामा’ ही पदवी आजपासून रद्द. यंत्र व बरणी प्राचीला. बरणीत पुन्हा लोणचे घालण्याचा प्रयत्न झाल्यास तिने कायदेशीर इलाज करावा.

कलम सहावे. कड्यातील माझी मधली जागा, जी वास्तविक मालमत्ता नव्हे तर मान होय, दाजी श्री. अरिहंत चौगुले यांस तहहयात, पाटासहित. ज्या गृहस्थास न बसलेल्या धक्क्याने इतके उंच जाता येते, त्यास बसलेल्या धक्क्याने किती उंच जाता येईल हे दर वर्षी पाहण्याचा पुढील पिढ्यांना हक्क आहे.

कलम सातवे. दाजींशी असलेले माझे वैर, अकरा वर्षे अखंड वहिवाटीने भोगलेले, कोणाच्याही नावे करीत नाही. ते येथेच संपुष्टात येत आहे. राजमती म्हणते, थोडे दिवाळीपुरते ठेवा. विचार करतो.

कलम आठवे. कार्बनच्या तंतूचा जुना विजेचा दिवा अंबूबाईंना, सड्याच्या ऋणातून उतराई म्हणून. हा दिवा मीच शोधला असे अमेरिकेत एडिसन आणि इंग्लंडात स्वान म्हणत होते. अखेर दोघांनी मिळून कंपनी काढली. दिवा लागत नाही. लावण्याचा प्रयत्न करू नये.

कलम नववे. अंत्यसंस्कार शेणी-लाकडांनी झाले काय किंवा विद्युतदाहिनीत झाले काय, माझी हरकत नाही. मात्र दाहिनी असल्यास त्या दिवशी वीज जाणार आहे का हे आधी विचारून घ्यावे. तत्पूर्वी पेसमेकर आठवणीने काढून घ्यावा, नाहीतर तो आगीत फुटतो, आणि माझ्याकडून मंडळींना शेवटचा दचका बसेल. मोह होतो, पण नको. तो पुसून तृणमण्यांच्या माळेशेजारी ठेवावा. संग्रह तेथे पुरा होईल.

व्यवस्थापक म्हणून आमच्या वकील ॲड. सौ. पूर्णिमा यांस नेमले आहे. या मृत्युपत्रापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. सोमवार सुखरूप पार पडल्यास यापेक्षा लांब करीन.

ठिकाण: शुक्रवार पेठ, कोल्हापूर
दिनांक: ४ ऑक्टोबर २०२५

मृत्युपत्र करणार:
(सही) श्रेणिक नेमगोंडा मगदूम

आमच्या समक्ष त्यांनी वाचून, मध्येच स्वतः हसून, सही केली म्हणून साक्षीदार:
१. (सही) पिराजी गणपतराव सुतार
२. (सही) अरिहंत चौगुले, इचलकरंजी (पहिल्या खेपेला बी बसला होता. थोडा.)

सह्यांनंतरची टीप: वरील कंसातील मजकूर साक्षीदार क्रमांक दोन यांनी मी चष्मा पुसत असताना बॉलपेनने घातला. ॲड. पूर्णिमा म्हणतात, मागाहून वाढलेल्या प्रत्येक शब्दाशेजारी मी छोटी सही केली पाहिजे, नाहीतर कागदावर संशय येतो. सही करावी तर मी ते मान्य केल्यासारखे होते. न करावी तर घर, ठेवी, बरणी सगळेच अधांतरी. नव्याने लिहावे तर साक्षीला दाजीच येणार, आणि पेन त्यांच्या खिशातच आहे. खोडरबर घासून पाहिला. कागद पातळ झाला. अक्षर तसेच आहे.