पोळपाटावरचा गालिचा

४ सप्टेंबर

गेला रंग! सासूबाईंनी माझा नवा लाकडी डाव गरम पाणी आणि राखेनं घासला — मुद्दाम! आठवडाभर बसून रंगवलेली, गालिच्यावरच्यासारखी शिंगांची नक्षी, मोरीतून वाहून गेली.

"गालिचा सात पिढ्या तुडवला तरी उठून दिसतो. तुझा डाव एका रश्श्यात संपला!"

मी बागेत जाऊन पडलेली सफरचंदं वेचत बसले.

७ सप्टेंबर

डाव करून देणाऱ्या करीम उस्तांकडे गेले. गल्लीच्या टोकाला त्यांचं सुतारकाम. वाटलं, हसतील. हसले नाहीत. "लाकूड तहानलेलं होतं, झरिफाबाई. आधी जवसाचं तेल पाजायचं, मग रंग."

१५ सप्टेंबर

त्यांनी तेल पाजलेला पोळपाट दिला. गोल!

"गालिच्याला चार कोपरे असतात," सासूबाई म्हणाल्या. "याला कोपरा दाखव बघू."

म्हणाल्या आणि शेजारीच बसल्या. उभा जन्म कुबा गावच्या गालिच्यांच्या मागांवर गेला त्यांचा. डोळे मंदावले तसा माग सुटला. माझं बोट धरून लाकडावर फिरवायला लागल्या. "शिंग आत वळव. बाहेर वळलं की बकरं पळालं!"

माझा नवरा एतिबार वारल्यापासून त्यांनी माझा हात धरला नव्हता. लेकाचं नावही घेत नाहीत.

१६ सप्टेंबर

आजही धरला.

२ ऑक्टोबर

पुन्हा राख, पुन्हा गरम पाणी. सासूबाईंनी पोळपाट खिडकीशी नेऊन नाकाला लावून पाहिला. रंग जागचा हलला नाही!

"हं," म्हणाल्या. सासूबाईंचं "हं" म्हणजे काय, ते मलाच ठाऊक.

१९ ऑक्टोबर

"या सुताराला रंगवलेले पोळपाट लागतात तरी किती? एकटा तर जेवतो!" — सासूबाई, शेजारणीला ऐकू जाईल एवढ्यानं.

मी मान खाली घालून रंग कालवत राहिले. कान तापले. बेचाळीस वर्षांची बाई मी!

कारण काल फाटकाशी करीम उस्तांनी लग्नाचं विचारलंच. सरळ, टोपी हातात घेऊन. मी नाही म्हणाले. सासूबाईंना चहाचा समोवार पेटवताना निखारा दिसत नाही. त्यांना माझ्याशिवाय आहे कोण?

"बरं," म्हणाले. नवा पोळपाट कट्ट्यावर ठेवून गेले.

२० ऑक्टोबर

हात चालत नाही. शिंगं सगळी वाकडी.

२७ ऑक्टोबर

करीम उस्तांच्या दोन्ही बहिणी मागणी घालायला आल्या. सासूबाईंनीच निरोप धाडला होता — मला न विचारता!

आमच्याकडे होकार मिळेपर्यंत कुणी चहाला हात लावत नाही. होकाराचा चहा गोड. मी बिनसाखरेचा, नकाराचा आणून ठेवला.

सासूबाईंनी चाचपडत साखरेचं भांडं ओढलं. एकेका पेल्यात घातली, ढवळली.

"पोर माझी आहे. दिली," म्हणाल्या. "आता माझी खाट कुठल्या खोलीत टाकणार, तेवढं बोला."