बुडालेल्या विहिरीवरची मंगळवारची पाळी

"धरण भरलं म्हणून काय झालं? आमची मंगळवारची पाळी राह्यलीच न्हवं!"

उजनीचे पाणी आमच्या मळ्यात शिरले, तेव्हा पोटरीभर पाण्यात उभे राहून माझे थोरले बंधू जयवंता हे बोलले. दोन घरांत एक विहीर, म्हणून वार ठरवून पाळीने पाणी घ्यायचे. शेवटच्या मंगळवारी आमच्या पाळीला चुलतभाऊ गेणबाने आपले इंजिन चालवले. विहीर बुडाली, दोघांतला अबोला वर राहिला. म्हणून हे लिहून ठेवावे लागत आहे.

मी, सारजा सोनबा बनसुडे, वय ४७, राहणार इंदापूर, पूर्वी वकील, हल्ली पाण्याखालच्या आमच्या जुन्या गावाची मोजणी करणारी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय करीत आहे. डोके ठिकाणावर आहे. काळीज नाही, असे डॉक्टर म्हणतात.

इंदापुरातील राहते घर जयवंतादादांची मुलगी दिशा हिला द्यावे. कायद्याची पुस्तके कोर्टातील वकिलांच्या खोलीत द्यावीत. ती कोणी वाचावीत अशी अट नाही. काळा कोट देता येत नाही. माझ्या नावेच्या शिडाला ठिगळे लावण्यात तो संपला.

बुडालेल्या गावाचे नकाशे व फोटो मोनालीला द्यावेत. वकिली सोडून मी मालवणला गेले. बुडालेली गलबते शोधणाऱ्या मंडळींत शीड हाकायला शिकले आणि मोनालीने मला बुडी मारायला शिकवले. परत आले, कारण माझे बुडालेले सगळे इकडे होते.

मोनालीसोबत बुड्या मारताना विहीर सापडली. काठाच्या दगडावर दोन्ही घरांच्या दोरांनी पाडलेले चरे मी आधी हाताने चाचपले, मग मोजले. सारखेच खोल निघाले. दादांना सांगितले, तर म्हणाले, "वकील तू, मोजपट्टीबी तुजीच. मग निकाल दुसरा कसा लागंल?"

त्या मंगळवारी इंजिन का चालवले, असे गेणबाला विचारले. तो म्हणाला, "वांगी सुकत हुती, ताई. धरणाचं पानी येनार, ह्ये वांग्यांना कुठं ठावं हुतं?"

माझी शिडाची नाव जयवंता व गेणबा यांना समाईक द्यावी. तिची वाटणी नाही आणि पाळीही नाही. ती एकट्याने चालत नाही. एकाने सुकाणू धरायचे, दुसऱ्याने शिडाचा दोर. मी ती मुद्दाम तशी बांधून घेतली आहे.

माझी राख तिच्यातून नेऊन विहिरीवर सोडावी. मंगळवारी. ती आमची राहिलेली पाळी समजावी.

वारा फिरला की सुकाणूवाल्याने दोरवाल्याला हाक द्यावी लागते, नाहीतर नाव कलंडते. सुकाणू दादांनी धरावे आणि गेणबाला नावाने हाक मारावी, एवढी विनंती. ते मारणार नाहीत. दोघांनाही पोहता येते, याची मी खात्री करून घेतली आहे.

सही: सारजा सोनबा बनसुडे

आमच्यासमक्ष सही केली, साक्षीदार:
१. डॉ. इंद्रजित गलांडे, बारामती
२. अ‍ॅड. माधवी शेंडे, इंदापूर

इंदापूर, मंगळवार, ११ मार्च १९९७